आधी चेहरा, मग चमत्कार

गावातला एक कॉलेजचा पोरगा परवा म्हणाला, "काका, मराठी पिक्चर काय बघायचं? ग्राफिक्स लय हलकं असतंय." शेजारी बसलेले निवृत्त गुरुजी लगेच म्हणाले, "या ग्राफिक्सनंच सिनेमा बुडवला. आमच्या वेळी असली नकली कामं नव्हती."

दोघंही चुकले, आणि एकाच जागी चुकले. दोघांचीही नजर पडद्यावरच्या राक्षसावर आहे. राक्षसाकडे बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे दोघांपैकी कुणी बघत नाही.

आधी गुरुजींचं बघू, कारण ते वडीलधारे.

गुरुजी, आपला सिनेमा जन्मला तोच ट्रिकसीनवर. दादासाहेब फाळके आपल्याच गोदावरीच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरला जन्मले. सिनेमा काढण्याआधी त्यांनी फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा केला आणि जादूचे प्रयोगही केले. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर पैसेवाल्यांना पटवायला त्यांनी राजाही दाखवला नाही आणि देवही दाखवला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून जास्त काळ थोडी थोडी फिल्म घेत राहिले. पडद्यावर तो वेल डोळ्यांदेखत मातीतून वर आला. आपल्याकडचा पहिला स्पेशल इफेक्ट हा असा, एका वाटाण्याचा. त्यात नकली काहीच नव्हतं. फक्त वेळ आवळला होता, आणि तो आवळायला लागणारी चिकाटी एका माणसाकडे होती.

मग ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात देव एका क्षणात प्रकट होतो. कॅमेरा थांबवायचा, बाकीच्यांनी हललं नाही पाहिजे, देवाचं काम करणाऱ्यानं जागेवर येऊन उभं राहायचं, कॅमेरा पुन्हा फिरवायचा. एवढंच. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये मारुतीनं उड्डाण केलं आणि लंका पेटली. त्यात राम आणि सीता दोघांचंही काम एकाच माणसानं केलं होतं, अण्णा साळुंके यांनी. पडद्यावर राम आला की लोक हात जोडायचे असं सांगतात. तेव्हा 'आमच्या वेळी नकली नव्हतं' हे गुरुजींनी सोडून द्यावं. नकली होतंच, आणि ते आजच्यापेक्षा कितीतरी उघडं होतं.

तरी लोक हात का जोडायचे?

याचं उत्तर फाळक्यांनी १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये स्वतःच देऊन ठेवलंय. मला तर वाटतं, सिनेमा शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी तेवढाच तुकडा दाखवावा. चित्रपटाचा बराच भाग आज शिल्लक आहे, ज्याला बघायचाय त्याला बघता येतो. सुरुवातीला कृष्ण नाही, यमुना नाही, नागही नाही. एक सात वर्षांची पोरगी कॅमेऱ्याकडे बघून नुसते चेहरे करते. हसते, रागावते, आणखी काय काय होते. ही फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. तिचं हे सगळं दाखवून झालं की तोच चेहरा हळूहळू विरघळतो आणि तिथे कृष्ण उभा राहतो. मग गोष्ट सुरू होते.

म्हणजे हा बाप आधी प्रेक्षकाला सांगतो, ही माझी पोर आहे, हिच्याकडे नीट बघा, हिची ओळख करून घ्या. आणि मग तिला नागाच्या पाण्यात उतरवतो. नाग खोटा आहे हे त्या वेळच्या प्रेक्षकालाही कळत असणार. पण नागाशी झुंजणारं लेकरू आता त्याच्या ओळखीचं झालेलं असतं. शिवाय फाळके नुसती झुंज दाखवत बसत नाहीत, मधूनमधून काठावर जीव टांगणीला लागलेली माणसं दाखवतात. पाण्याखाली काय चाललंय याची धास्ती आपल्याला काठावरच्या तोंडांवरून कळते.

आधी चेहरा, मग चमत्कार. हा क्रम फाळक्यांनी लावून दिला. पुढच्या शंभर वर्षांत जो सिनेमा या क्रमानं चालला तो तरला. ज्यानं क्रम उलटा केला तो आपटला, मग त्यानं कितीही कोटी ओतलेले असोत.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये 'सैरंध्री'त कीचकवध इतका हुबेहूब दाखवला की इंग्रज सरकारनं तो तुकडा कापायला लावला. त्यांच्याच तालमीतले दामले आणि फत्तेलाल पुढे प्रभात फिल्म कंपनी काढणाऱ्यांत होते, आणि १९३६ साली त्यांनी 'संत तुकाराम' केला. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. या चित्रपटात चमत्कार भरपूर आहेत आणि शेवटी तुकोबा गरुडाच्या वाहनात बसून वैकुंठाला जातात. आजच्या पोराला ते वाहन दाखवलं तर तो हसेल. हसू द्या. पण त्याला म्हणावं, वाहनाकडे बघू नको, खाली जमिनीवर बघ. तिथे आवली आहे. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन विठ्ठलापुढे चप्पल उगारणारी, घरात दाणा नाही म्हणून नवऱ्यावर आणि देवावर एकाच दमात डाफरणारी आवली. गौरी नावाच्या बाईनं हे काम केलं. प्रभातमध्ये ती मोठी नटी म्हणून आलेली नव्हती, साध्या हलक्या कामांतून वर आली होती. वर वैकुंठाचं विमान चाललंय आणि खाली स्वयंपाक टाकून धावत आलेली बायको उभी आहे. आभाळातली कारागिरी त्या बाईमुळे खरी होते. तिला काढून टाका आणि आजचा सगळ्यात महागडा संगणक त्या गरुडाला लावा, उरेल फक्त एक उडणारा पक्षी.

चार वर्षांनी, १९४० मध्ये, त्याच जोडीनं 'संत ज्ञानेश्वर' केला. रेड्याच्या तोंडून वेद वदवले, भिंत चालवली. रेड्याची ती कथा पैठणची, म्हणजे आपल्या गेवराई तालुक्याच्या उशाची. आपल्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना रेड्याचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त आहे ते आईबाप गेलेल्या, शुद्धिपत्रासाठी दारोदार फिरलेल्या चार पोरांचं. पोरांची दैना आधी पोटात उतरते, म्हणून रेडा बोलला की अंगावर काटा येतो.

आता पोराकडे वळतो. त्याला मराठी सिनेमाचं ग्राफिक्स हलकं वाटतं, आणि इंग्रजी सिनेमाचं भारी.

बाबा, तुझ्या जन्माआधीचं एक साल घे, १९९३. त्या वर्षी अमेरिकेत 'जुरासिक पार्क' आला. पुढच्या वर्षी तो हिंदीत बोलू लागला आणि छोट्या छोट्या गावांपर्यंत पोचला. दोन तासांहून मोठ्या त्या सिनेमात डायनासोर दिसतात सुमारे १५ मिनिटं, आणि त्यातलाही संगणकावर केलेला भाग निम्म्याहून कमी. बाकीचे यंत्रावर चालणारे पुतळे. त्या सिनेमातली सगळ्यात भीतीदायक वस्तू कुठली, सांग. पेल्यातलं पाणी. रात्र आहे, पाऊस आहे, पोरं गाडीत अडकलीत आणि समोर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर गोल गोल लहरी उठतात. काहीतरी प्रचंड चालत येतंय. पोरगा त्या पाण्याकडे बघतो आणि आपण पोराकडे. ती लहर कशी उठवली? गाडीत पेल्याखाली गिटारची तार बांधली आणि ती खालून छेडली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कारखान्यानं भीती दाखवायला एक तार वापरली.

त्याच १९९३ साली आपल्याकडे महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' आला. रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आणि समोर घामाघूम झालेला लक्ष्मीकांत बेर्डे. कल्पना परदेशी सिनेमावरून सुचलेली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बाहुला खोटा आणि लक्ष्या खरा. लक्ष्याचे डोळे विस्फारले की थिएटरातली पोरं आईच्या पदराआड जायची. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' थ्रीडीत आला, तंत्र वीस वर्षांनी पुढे गेलेलं. आज घराघरांत नक्कल होते ती मात्र पहिल्या बाहुल्याची. दुसऱ्या भागात समोर लक्ष्या नव्हता. तो २००४ सालीच गेला. तंत्रानं त्याची जागा भरून निघाली नाही, आणि निघणारही नव्हती.

संगणकाशी माझं भांडण नाही, हे पोरानं नीट ऐकावं. ओम राऊत या आपल्या मराठी दिग्दर्शकाचेच दोन सिनेमे शेजारी ठेवून बघ. २०२० चा 'तान्हाजी'. कोंढाण्याचा कडा, रात्र, तोफ, सगळं संगणकानं उभं केलं आणि ते चाललं. कारण खाली गोष्ट अशी होती की घरात रायबाचं लग्न निघालंय आणि बाप गडावर निघालाय. ही गोष्ट प्रत्येक मराठी घराला तोंडपाठ आहे. याच गोष्टीवर बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' केला तेव्हा रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम दिवे लावून चित्रीकरण केलं होतं. शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. शंभर वर्षांच्या अंतरानं दोघांनी तोच कडा चढवला, एकानं दिव्यांनी आणि दुसऱ्यानं संगणकानं, आणि दोन्ही वेळा लोक चढणाऱ्या माणसासाठी बसून राहिले.

मग २०२३ चा 'आदिपुरुष'. शेकडो कोटींचा खर्च. ऑक्टोबर २०२२ मध्ये झलक दाखवली, लोकांनी ग्राफिक्सवर टीकेची झोड उठवली, म्हणून जानेवारीची तारीख जूनवर नेली आणि दृश्यं पुन्हा दुरुस्त केली. तरी पडला. लंका काळी होती, माकडं खरी वाटावीत म्हणून केसन् केस रंगवला होता. पण वनवासाला निघालेल्या माणसाचा चेहरा मला त्या सिनेमात सापडला नाही. माझं स्पष्ट मत आहे, दुरुस्ती माकडांची नको होती, रामाची हवी होती. १९१७ साली एकच माणूस राम आणि सीता होतो आणि लोक हात जोडतात, २०२३ साली शेकडो कोटी लागतात आणि लोक मोबाइल काढून वेळ बघतात. यात दोष तंत्राचा नाही. तंत्रानं सांगितलं ते काम केलं. सांगणाऱ्यानं आधी गोष्ट ठरवायला हवी होती.

सेटवर एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "पोस्टमध्ये बघू." म्हणजे चित्रीकरणानंतर संगणकावर निस्तरू. माझा सगळा राग या दोन शब्दांवर आहे. पाऊस नाही पडला, पोस्टमध्ये बघू. गर्दी नाही जमली, पोस्टमध्ये बघू. नटाला हिरव्या पडद्यापुढे उभं करायचं आणि सांगायचं, समोर दहा हजारांची फौज आहे असं समज. तो बिचारा काय समजणार? तो हिरव्या कापडाकडे बघतो आणि त्याच्या डोळ्यांत हिरवं कापडच दिसतं. मग उरलेल्या पैशात आणि उरलेल्या दिवसांत मुंबईपुण्याच्या कुठल्या तरी स्टुडिओत विशी-पंचविशीतली पोरं रात्र रात्र जागून ते कापड झाकतात. सिनेमा पडला की शिव्या त्यांना. हा अन्याय आहे. त्यांच्याकडे पोचण्याआधीच दृश्य मेलेलं होतं.

याच्या उलट करणारा एक माणूस आपल्यात निघाला, राही अनिल बर्वे. २०१८ चा 'तुंबाड'. सिनेमा हिंदी, पण हाडामांसानं मराठी. वाडा, सोवळं, सावकारी, कोकणचा पाऊस. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून सुचलेलं आणि भीतीचं बीज नारायण धारपांचं. पाऊस खराच पाहिजे म्हणून या माणसानं पावसाळ्यांमागून पावसाळे थांबून चित्रीकरण केलं. त्यात संगणकाचं काम खूप आहे, पण हस्तर नावाचा राक्षस दिसण्याआधी आपल्याला विनायकाची हाव दिसलेली असते. पिठाच्या बाहुल्या घेऊन खाली उतरणाऱ्या बापाच्या मागे पोरगं उतरतं तेव्हा आपण हस्तरला भीत नाही, बापाला भितो. तिकीटबारीवर पहिल्यांदा हा सिनेमा फारसा चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. सहा वर्षांत ग्राफिक्स जुनं व्हायला हवं होतं. नाही झालं.

आणखी एक गोष्ट शहरातल्या निर्मात्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्या भागातला मोठा प्रेक्षक सिनेमा कसा बघतो? दिवाळीनंतर निम्मा तालुका ऊसतोडीला जातो. दिवसभर मोळ्या वाहून माणूस कोपीवर येतो, भाकरी खातो आणि फोन डब्याला टेकवून त्यावर सिनेमा लावतो. काच तडकलेली, रेंज येते-जाते. तुमची कोट्यवधींची लंका त्या काचेवर तळहाताएवढी होते. फौज मुंग्यांएवढी दिसते. त्या काचेवर टिकतो फक्त चेहरा. 'सैराट'चा शेवट त्या काचेवरही तेवढाच लागतो. आवाज बंद होतो, लहान पोर लाल पावलं उमटवत चालत जातं आणि कोपीतली माणसं बोलायची थांबतात. नागराज मंजुळेंनी त्या जागी संगीतसुद्धा काढून घेतलं. सिनेमात काय घालायचं एवढंच कळून भागत नाही, काय काढायचं हेही कळावं लागतं.

आणि ज्यांना वाटतं की भव्य दाखवायला पैसाच लागतो, त्यांनी मराठवाड्याचा एक माणूस आठवावा. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. एकटा माणूस रंगमंचावर येऊन बावन्न पात्रं करायचा. विमान नाही, लंडन नाही, वऱ्हाडही नाही, आणि तरी प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ते सगळं दिसायचं. आता तोच प्रयोग शेजारच्या माजलगावचा संदीप पाठक करतो. आपल्या तलवाड्यात त्वरितादेवीच्या डोंगरावर येणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. गोंधळ्याच्या हातात दिवटी आणि संबळ असते, आणि महिषासुर समोर उभा राहतो.

हे सगळं मी आज का लिहितोय? कारण या तालुक्यात एक सिनेमा पडून आहे आणि तो कुणी काढत नाही.

राक्षसभुवन. १० ऑगस्ट १७६३. निजाम अली गोदावरी उतरून पलीकडे गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह अलीकडे राहिलेला, आणि मधे पावसाळ्यातली फुगलेली नदी. राघोबादादांनी हल्ला चढवला आणि त्यांचा हत्तीच शत्रूच्या गराड्यात सापडला. त्यांना सोडवायला धावला अठरा वर्षांचा माधवराव पेशवा. हाच तो पुतण्या, ज्याला आदल्याच वर्षी आळेगावला याच काकापुढे माघार घ्यावी लागली होती, आणि काकानं नजरेखाली ठेवलं होतं. विठ्ठल सुंदर पडला. निजामाला नदीपलीकडून काही करता आलं नाही.

इथे संगणक लागेल, मी आधीच सांगून ठेवतो. ती नदी आज तशी नाही. वर पैठणला जायकवाडीनं पाणी अडवलंय. धरणाचे दरवाजे उघडले तर पाणी थेट राक्षसभुवनच्या देवळात शिरतं, पण एरवी पात्रात वाळू असते आणि वाळू नेणारे हायवा. १७६३ चा ऑगस्ट उभा करायचा तर नदीत पाणी संगणकानंच सोडावं लागेल, घोडदळही त्यानंच उभं करावं लागेल. करा. त्याला माझी ना नाही. पण काकाचा हत्ती वेढला गेलाय हे कळलं तेव्हा त्या पोराच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल? सूड, दया, की नुसतं कर्तव्य? क्षणभर तरी 'जाऊ नये' असं वाटलं असेल का? हे संगणक सांगणार नाही. ते लेखकाला शोधावं लागेल आणि एखाद्या अठरा वर्षांच्या नटाला करावं लागेल.

म्हणून त्या कॉलेजच्या पोराला, आणि त्याच्यासारख्या तालुक्यातल्या प्रत्येकाला, माझं सांगणं आहे. तुमच्या मोबाइलवर आज जे एडिटिंग होतं ते फाळक्यांना स्वप्नातही मिळालं नसतं. आग लावता येते, आभाळ बदलता येतं. ते शिकाच. पण आधी राक्षसभुवनला जाऊन या, माधवराव आणि राघोबांचं वाचा, आणि त्या दोघांचा एकच प्रसंग लिहा, ज्यात तलवार नाही, नदी नाही, फक्त काका आणि पुतण्या लढाईनंतर समोरासमोर आलेत. तो प्रसंग लिहून झाला की मला आणून दाखवा. चांगला असेल तर याच सदरात छापीन, आणि गुरुजींना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगेन.